संख्येचें वचन

मुद्रणकलेचा मोठेपणा सांगतांना आपण सामान्यतः तिच्या विपुलतेचें गुणगान करतों. जो ग्रंथ पूर्वीं एखाद्या मठांत किंवा सरदाराच्या दप्तरांत बंद होता, तो छापखान्यामुळें घरोघर गेला, हा तिचा उपकार निर्विवाद आहे. परंतु ह्याच कलेची एक शाखा अशी आहे कीं, जिला विपुलतेचें वावडें आहे. तींतील पुस्तकांच्या प्रती बहुधा कांहीं शेंकड्यांतच मोजाव्या लागतात. प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक असतो, आणि आंत नामांकित चित्रकारानें स्वतः केलेल्या ताम्रचित्रांचे मूळ ठसे असतात. अशीं पुस्तकें जमविणें हा श्रीमंतांचा निव्वळ षोक होय, असें म्हणून हा विषय झटकून टाकणें सोपें आहे. तथापि ह्या मर्यादेचा इतिहास पाहिला, तर तिच्यांत पैशाइतकाच विश्वासाचाही प्रश्न गुंतलेला दिसतो.

प्रथम ही मर्यादा आली कोठून, तें पाहूं. एचिंग ह्या प्रकारांत तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ ह्यांचा पातळ लेप देतात. चित्रकार त्यावर सुईनें रेघा ओढतो. नंतर पत्रा अम्लांत बुडविला म्हणजे जेथें लेप खरवडला गेला असेल तेथें अम्ल तांबें खातें. ह्या खांचांत शाई भरून, वरचा पृष्ठभाग पुसून, ओलसर कागदासह पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला म्हणजे ठसा उमटतो. पण प्रत्येक ठशाबरोबर तांबें थोडें थोडें झिजतें. स्पेनच्या गोयानें १७९९ सालीं 'लोस काप्रीचोस' हा ८० चित्रांचा संच प्रसिद्ध केला आणि १८०३ सालीं त्याचे पत्रे राजाच्या स्वाधीन केले. त्यांवरून पुढें थेट १९३७ पर्यंत नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. पत्रे तेच, रेघाही त्याच. परंतु पहिल्या आवृत्तींतील सूक्ष्म छाया मागाहूनच्या ठशांत विरून गेलेल्या आहेत. आपल्याकडे ताम्रपट म्हटला म्हणजे राजवंश लयास गेल्यावरही टिकून राहणारें दानपत्र डोळ्यांपुढें येतें. छापण्याच्या पत्र्याचें ह्याच्या उलट आहे. त्याचा प्रत्येक ठसा त्याच्या झिजेंतून निघतो.

एकोणिसाव्या शतकांत विजेच्या साहाय्यानें तांब्यावर लोखंडाचा अतिसूक्ष्म थर चढविण्याची युक्ति निघाली, आणि ही नैसर्गिक मर्यादा बहुतांशीं संपली. पूर्वीं तांबें स्वतःच 'पुरे' म्हणत असे. आतां तें मनुष्यानें म्हणावयाचें होतें. म्हणून किती प्रती, कोणत्या कागदावर, ह्याचें जें निवेदन पुस्तकांत छापीत, त्यास नवें वजन आलें. आणि काम संपल्यावर पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा ओढून तो बाद करण्याची चाल रूढ झाली.

पॅरिसचा चित्रविक्रेता आंब्र्वाझ व्होलार (१८६६–१९३९) हा ह्या ग्रंथपरंपरेचा एक मोठा प्रवर्तक. १९०० सालीं त्यानें व्हर्लेनच्या कविता बोनारच्या शिळाचित्रांसह काढल्या, तेव्हां कसबी खोदकारांच्या कामास सरावलेल्या ग्रंथसंग्राहकांनीं नाकें मुरडलीं. व्होलार डगमगला नाहीं. १९३१ सालीं त्यानें बाल्झाकची 'अज्ञात श्रेष्ठ कृति' ही कथा पिकासोच्या १३ एचिंगांसह आणि त्याच्या रेखाटनांवरून केलेल्या ६७ काष्ठचित्रांसह प्रसिद्ध केली. प्रती अवघ्या ३४०: जपानी कागदावर ६५, रीव्हच्या कागदावर २४० आणि विक्रीबाहेर ३५. कथा बरोबर शंभर वर्षांपूर्वींची, १८३१ ची. तींतील वृद्ध चित्रकार दहा वर्षें एकाच चित्रावर हात फिरवीत राहतो. शेवटीं पाहणारास रंगांच्या गर्दींतून डोकावणाऱ्या एका पावलाखेरीज त्यांत कांहींच दिसत नाहीं.

परिपूर्णतेचा हाच ध्यास प्रकाशकासही जडलेला होता. कागद, अक्षर, ठसा सर्व मनासारखें होईपर्यंत व्होलार पुस्तक बाहेर पडूं देत नसे. गोगोलची 'मृत जीव', ला फाँतेनच्या नीतिकथा आणि बायबल ह्यांसाठीं त्यानें शागालकडून शेंकडों एचिंगें करून घेतलीं. पण १९३९ च्या जुलैंत मोटारीच्या अपघातानें तो वारला, तेव्हां ह्या तिहींपैकीं एकही पुस्तक प्रसिद्ध झालेलें नव्हतें. मध्यंतरीं युद्ध झालें. ज्यू असलेल्या शागालला १९४१ सालीं फ्रान्स सोडून अमेरिकेस जावें लागलें. अखेर तेरियाद ह्या दुसऱ्या प्रकाशकानें तीं पुस्तकें अनुक्रमें १९४८, १९५२ आणि १९५६ सालीं बाहेर काढलीं. एकाचें अपुरें राहिलेलें वचन दुसऱ्यानें पाळल्याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

अमेरिकेंत जॉर्ज मेसीनें १९२९ सालीं 'लिमिटेड एडिशन्स क्लब' काढून प्रतींची संख्या १५०० वर नेली आणि वर्गणीदारांस दरमहा एक पुस्तक देण्याचें ठरविलें. १९३५ सालीं ह्या क्लबाच्या 'युलिसीस'साठीं मातीसनें सहा एचिंगें केलीं; तीं मात्र जॉइसच्या डब्लिनचीं नसून होमरच्या काव्यांतील प्रसंगांचीं आहेत. १५०० प्रतींवर मातीसची सही आहे, जॉइसची फक्त २५० वर. मजकूर तोच, चित्रेंही तींच. तरी बाजार दोन सह्यांच्या प्रतीस कितीतरी अधिक दाम देतो. संग्रहाची आवड कोणत्या वाटेनें घसरते, तें येथें दिसतें.

ह्याहून वाईट प्रकार पुढेंच आहे. फ्रेंच पद्धतीचीं हीं पुस्तकें पुष्कळदां शिवलेलीं नसतात. दुमडलेलीं सुटीं पानें वेष्टनांत घालून पेटींत ठेवतात. त्यामुळें चित्र उचलून चौकटींत बसविण्यास कात्रीही लागत नाहीं. अखंड ग्रंथापेक्षां सुटीं चित्रें मिळून अधिक पैसा देतात, हें कळलें कीं व्यापारी ग्रंथ फोडतो. अशा रीतीनें ३४० हा आंकडा निवेदनांत कायम राहतो आणि प्रत्यक्ष ग्रंथ मात्र घटत जातात. ज्या कथेसाठीं तें चित्र केलें, तिच्यापासून तुटून तें भिंतीवरची एक शोभा होऊन बसतें.

पत्रा बाद करणें हें प्रकाशकाच्या हातीं असतें. ग्रंथ अखंड राखणें संग्राहकाच्या. ह्यांपैकीं पहिल्या गोष्टीस कांहीं मिनिटें लागतात, दुसरीस पिढ्यान् पिढ्या. वारसांना पैशाची गरज पडली, तरी ग्रंथ फोडूं न देतां तो सार्वजनिक ग्रंथालयाकडे किंवा दुसऱ्या जाणत्या हातीं जाईल, अशी व्यवस्था जो करून ठेवतो, आणि हयातींत पेटी उघडून तीं पानें वाचतो व चार माणसांस दाखवितो, त्याच्या ह्या छंदास षोक म्हणावयास आमचें मन घेत नाहीं.