पिसदुऱ्याची विष्ठा आणि डायनोसॉरचे नशीब

पुलगावची काळी कपाशीची जमीन ज्या बेसॉल्टपासून झाली, तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पुलगावहून वर्धा नदी खाली चंद्रपूर जिल्ह्याकडे जाते. तिथे वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. लाव्ह्याखालच्या लॅमेटा गाळात तेथे डायनोसॉरची हाडे सापडतात, आणि दगड झालेली विष्ठाही!

ही विष्ठा वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. २००५ साली त्यांनी जाहीर केले की तिच्यात किमान पाच प्रकारच्या गवतांचे सिलिकाकण आहेत. काही तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे. गवत डायनोसॉरनंतर आले, हा समज त्यामुळे मोडला. अर्थात, जेवणात गवताचा वाटा थोडाच होता.

डायनोसॉर 'नालायक' ठरून संपले, असे वर्गात सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. सोळा कोटी वर्षे टिकलेल्या प्राण्यांना नालायक कसे म्हणावे? मेक्सिकोत सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. (दख्खनच्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर वाद आहे.) लघुग्रह गतीच्या नियमांनीच आला, पण त्याच्या मार्गाचा डायनोसॉरच्या गुणदोषांशी काही संबंध नव्हता. उत्क्रांतीत 'योगायोग' म्हणतात तो एवढ्याच अर्थाने. निवड त्यानंतरही चालूच राहिली, फक्त उमेदवार बदलले. पक्ष्यांच्या रूपाने डायनोसॉरची एक शाखा वाचली, छोटे सस्तन प्राणी वाचले, गवतही वाचले. गवताळ राने पसरायला मात्र आणखी काही कोटी वर्षे लागली, आणि ती चरायला आले ते त्याच छोट्या सस्तनांचे वंशज.