राणीच्या वाटेवरची जाळी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात, नागझिरा-नवेगावच्या रानाकडेच्या गावांतून, मध म्हटला की तो आग्या मोहोळाचा. लहानपणी असा मध घरी आला, की आई तो दोनदा फडक्यातून गाळी आणि फडक्यात जे उरे, ते आम्हां मुलांना पाहू देत नसे. एकदा मी पाहिलेच. पांढऱ्या, मऊ अळ्या! पोळे पिळताना मधाबरोबर माशीची लेकरेही पिळली गेली होती.

पुढे मास्तरकी करता करता मी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आणि त्यांतल्या एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास धुंडाळू लागलो. ती वस्तू म्हणजे राणीरोधक जाळी.

१८५१ साली अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आले, की सुमारे तीन-अष्टमांश इंचाची वाट मोकळी ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत. त्यातून सुट्या चौकटींची पेटी आली. १८६५ मध्ये ह्रुश्का याने पोळे न मोडता, ते गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र केले. मात्र राणी वर चढून मधाच्या कोठीतच अंडी घाली. म्हणून दोन कोठ्यांमध्ये जाळी आली. तिच्या फटीतून कामकरी माशी पार होते. राणीची छाती अडते. मध वर, पाळणा खाली!

आपल्याकडे फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेत सातेरी माशीच्या बेताची लहान पेटी प्रचारात आणली. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचे काम चाले, आणि त्यात मधमाशीपालनालाही स्थान होते. १९६२ मध्ये पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

इतके वाचूनही मी फसलोच. माझी पहिली जाळी युरोपीय माशीसाठी केलेली होती. फट सुमारे ४.२ मिलिमीटर. सातेरी अंगाने लहान. महिन्याभरात राणी वर, आणि मधाच्या चौकटीत पिलावा! लहानपणचे ते फडके डोळ्यांपुढे आले. चौकट मी तशीच खालच्या कोठीत ठेवली. त्या हंगामाचा मध गेला तो गेलाच.

तेव्हापासून जाळी घेताना ती सातेरीच्या मापाची आहे ना, हे आधी पाहतो. पत्र्याची असेल तर छिद्रांच्या कडांवरून बोट फिरवितो. धार असली की माशीचे पंख फाटतात. तारेची असेल तर एकही तार वाकलेली चालत नाही. राणीला तेवढी वाट पुरते. सातेरी राळ गोळा करीत नाही, त्यामुळे खरवडायचे ते मेणच. पहाटेच्या गारव्यात ते कडक होते, तेव्हा लाकडी चिपेने निघते. फुलोरा सरला की जाळी काढून ठेवावी. नाहीतर थंडीत माश्या मधामागे वर जातात आणि राणी खाली एकटी गारठते.

आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. तिच्या उघड्या पोळ्याला कसली जाळी? पण तिथेही मध वर, एका टोकाला असतो. तेवढाच भाग कापून पिलावा राखला, तर माश्या ते पोळे पुन्हा भरतात. तिथे जाळीचे काम माणसाच्या हातानेच करायचे.

या दिवाळीत आईने जुन्या सवयीने माझ्या पेटीतला मध गाळला. फडके मात्र या वेळी तिने आपण होऊन मला दाखविले.