जाहिरातरोधक (ऑनलाइन व्हिडिओ)

इंटरनेटवरील जाहिराती पडद्यावर उमटण्याआधीच अडवणारी आज्ञावली. बहुधा ब्राउझरला जोडायचे एक्स्टेन्शन. जाहिराती ज्या पत्त्यांवरून येतात त्यांच्या याद्या बहुतांशी स्वयंसेवक राखतात. त्या पत्त्याकडे निघालेली मागणी रोधक वाटेतच थांबवतो. डेन्मार्कच्या हेन्रिक सोरेन्सन याने २००२ मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक’ लिहिला. ‘ईझीलिस्ट’ ही यादी २००५ ची, रेमंड हिल यांचा ‘यूब्लॉक’ २०१४ चा. रोधक पुरवणे बेकायदा नाही, असा निर्वाळा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’च्या खटल्यात दिला.

पानाच्या कडेची जाहिरात नजरेआड करता येते, व्हिडिओतली वाट अडवून उभी राहते. यूट्यूबने २०१० च्या अखेरीस ५ सेकंदांनी ‘स्किप’ करण्याची सोय दिली. पुढे न वगळता येणाऱ्या जाहिराती वाढल्या. जुलै २०२० पासून मधल्या जाहिरातींसाठी व्हिडिओची किमान लांबी १० वरून ८ मिनिटांवर आली. कीर्तनकार दृष्टान्ताच्या टोकाला पोहोचले की नेमकी रमीची जाहिरात लागायची, ती या धोरणाची कृपा. दूरचित्रवाणीला तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. इंटरनेटला तशी मर्यादा नाही.

रमीच्या जाहिरातींचा सुळसुळाट महाराष्ट्राच्या राजकारणातही शिरला. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत विरोधी आमदार रोहित पवारांनी प्रसारित केली. यूट्यूबवर कामकाज पाहायला गेलो तर खेळ समोर आला, तो मी स्किप करत होतो, असा कोकाट्यांचा बचाव होता. विरोधकांनी तो मानला नाही. महिनाअखेरीस त्यांचे कृषिखाते गेले. बचाव खरा की खोटा हे बाजूला ठेवले, तरी तो सभागृहाबाहेर मांडता आला, कारण असे अनुभव घराघरांत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती या दोन्हींवर बंदी घालणारा कायदा केला.

रोधकांविरुद्ध यूट्यूबने २०२३ मध्ये जगभर मोहीम उघडली; रोधक बंद करा किंवा जाहिरातमुक्त ‘प्रीमियम’ घ्या, अशी सूचना देऊन व्हिडिओ थांबवले जाऊ लागले. भारतात २०१९ मध्ये आलेल्या प्रीमियमचा एका व्यक्तीचा मासिक दर ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ रुपये झाला. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने बंद केल्याने तेथे हिल यांच्याच ‘यूब्लॉक ओरिजिन’ची जागा कमी ताकदीच्या ‘लाइट’ आवृत्तीला घ्यावी लागली.

ही सारी झटापट मुख्यतः संगणकावरची. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम कड्यावर, घोड नदीच्या उगमाकडच्या आहुपेसारख्या आदिवासी गावात इंटरनेट म्हणजे मोबाइल, आणि व्हिडिओ म्हणजे यूट्यूबचे अ‍ॅप. त्या अ‍ॅपला एक्स्टेन्शन जोडता येत नाही, अँड्रॉइडवरच्या नेहमीच्या क्रोमलाही नाही. फायरफॉक्समध्ये जोडता येते, पण तो मुद्दाम टाकून घ्यावा लागतो. पत्ते अडवणारा खासगी डीएनएसही निरुपयोगी ठरतो, कारण जाहिरात आणि व्हिडिओ एकाच कंपनीच्या, पुष्कळदा एकाच नावाच्या सर्व्हरवरून येतात. भातावरच्या करप्याचा उपाय किंवा हिरड्याचा भाव शोधणाऱ्याच्या डेटा पॅकमधून जाहिरातीचाही डेटा कापला जातो: ४८० पी दर्जाच्या १५ सेकंदांना ढोबळ मानाने २ एमबी. रेंज तोकडी असेल तर जाहिरातच आधी गोल फिरत बसते. ज्याला पर्याय सर्वांत कमी, त्यालाच जाहिरात सर्वांत महाग पडते. ‘फुकट’ सेवेच्या हिशेबात ही रक्कम कुणी धरत नाही.

दुसरी बाजू चॅनलवाल्यांची. लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब त्यांना देते. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’सारखी गावाकडची चॅनले याच व्यवस्थेत उभी राहिली. रोधक लावून पाहिलेल्या व्हिडिओतून जाहिरातीचे पैसे येत नाहीत. म्हणूनही अनेक जण पुरस्कृत जाहिरात स्वतःच्या तोंडून, व्हिडिओतच करतात. ती यादीला सापडत नाही. तिच्यासाठी ‘स्पॉन्सरब्लॉक’ आहे: जाहिरात कुठल्या क्षणी सुरू होते नि संपते, हे प्रेक्षकच नोंदवतात. ज्या मराठी व्हिडिओवर अशी नोंद कुणी केलेली नाही, तेथे तो चालत नाही.