शिंदळ माकुडी

शिंदळ माकुडी, अर्थात शिवसुमन (शास्त्रीय नाव: फ्रेरिया इंडिका), ही केवळ महाराष्ट्रातील पश्चिम घाट परिसरात आढळणारी दुर्मीळ व संकटग्रस्त मांसल वनस्पती आहे. पूर्वी रुई कुलात गणली जाणारी ही वनस्पती आता करवीर कुलात समाविष्ट केली जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातील बारा अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये तिचा समावेश केला होता.

नामकरण

वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल अलेक्झांडर डॅल्झेल यांनी 1865 मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तत्कालीन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून प्रजातीला ‘फ्रेरिया’ हे नाव देण्यात आले. काही अभ्यासक तिचा समावेश बाउसेरोसिया या प्रजातीत करतात.

वर्णन

खोड मांसल, हिरवे व लोंबते असते. माकडशिंगासारख्या तिच्या जवळच्या वनस्पतींची पाने नाममात्र असतात. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात ठळक, मांसल पाने येतात व कोरड्या ऋतूत ती गळून पडतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तारकाकृती, गडद तांबडी फुले येतात. त्यांवर पिवळसर ठिपके असतात. परागण माश्यांमार्फत होते. शेंगांसारख्या फळांतील केसाळ बिया वाऱ्याबरोबर पसरतात.

अधिवास

ही वनस्पती उभ्या कातळकड्यांच्या भेगांत, मातीच्या पातळ थरावर वाढते. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड व सज्जनगड हे किल्ले, महाबळेश्वर परिसर आणि रंधा धबधबा येथून तिची नोंद झाली आहे.

धोके

दुर्गम कड्यांमुळे गुरे व माणसे यांच्यापासून तिला काही प्रमाणात संरक्षण मिळते. तथापि डोंगरउतारावरील वणवे, चराई, कोसळणाऱ्या दरडी, बांधकामे आणि शोभेसाठी रोपे उपटून नेणे यांमुळे तिचे अस्तित्व धोक्यात येते. तिच्या वसाहती लहान व परस्परांपासून दूर असल्याने एखाद्या कड्यावरून ती नष्ट झाल्यास तेथे ती आपोआप पुन्हा रुजण्याची शक्यता कमी असते.

संवर्धन

खोडाच्या तुकड्यांपासून नवी रोपे सहज तयार होतात. ऊतिसंवर्धनाचे प्रयोगही यशस्वी झाले आहेत. त्यामुळे वनस्पती-उद्यानांत व कुंड्यांत ती टिकवणे अवघड नाही. मात्र एकाच रोपाच्या तुकड्यांपासून वाढवलेली सर्व रोपे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असतात. निरनिराळ्या कड्यांवरील वसाहतींतील विविधता त्यांत उतरत नाही. शिवाय परागण करणाऱ्या माश्या, बिया रुजण्याजोग्या भेगा आणि ऋतुमानानुसार मिळणारा ओलावा यांचा मेळ कड्यावरच जुळून येतो. म्हणून रोपवाटिकेतील लागवड ही अधिवास-संरक्षणाला पूरक ठरते, पर्याय नव्हे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, कड्यांच्या माथ्यावरील चराई मर्यादित ठेवणे आणि किल्ल्यांवरील झाडोरा काढताना ही वनस्पती ओळखून वगळणे, हे तिच्या संरक्षणाचे व्यवहार्य उपाय आहेत. निष्पर्ण अवस्थेत ती सहज ओळखू येत नसल्याने अशा कामांपूर्वी पावसाळ्यातच तिच्या जागांची पाहणी करणे उपयुक्त ठरते.