पुठ्ठ्यावरची सही

ब्राम्स, ग्रीग किंवा चायकोव्स्की अशा एखाद्या संगीतकाराचा सही केलेला जुना फोटो समोर आला की लोक आधी दाढी बघतात, मग सही. मला विचाराल तर आधी बघावा तो फोटोमागचा पुठ्ठा. फोटोवर सही करून देण्याच्या सगळ्या प्रथेचं मूळ तिथे आहे.

1839 साली डाग्युरोटाइप हा फोटोचा प्रकार आला. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटलेली, काचेआड ठेवायची एकच प्रत. तिच्यावर सही करणार कुठे, आणि ती द्यायची तरी कुणाला? संगीतकार शोपँ 1849 मध्ये गेला, तेव्हा आपले फोटो सही करून वाटायची रीत पडलेलीच नव्हती.

1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने एक पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घ्यायचे, एकदम छापायचे, कापायचे आणि भेटकार्डाएवढ्या, साधारण 6 बाय 10 सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पुठ्ठा हवाच होता, कारण कागद पातळ. त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे आणि कागद सुटा ठेवला की त्याची गुंडाळी होई. बलकाचा थर काळाने पिवळा पडतो. जुन्या फोटोंच्या ज्या पिवळसर छटेवर आपण भाळतो, तिच्यात या बलकाचा वाटा मोठा.

1860 मध्ये लंडनच्या मेयॉल या फोटोग्राफरने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाची अशी कार्डं विक्रीला काढली आणि अनोळखी माणसांचे चेहरे विकत घ्यायचं वेडच लागलं. राजघराण्यांमागोमाग नट, गायिका, संगीतकार दुकानांत आले. 1866 पासून मोठं ‘कॅबिनेट कार्ड’ निघालं, सुमारे 11 बाय 16.5 सेंटिमीटरचं. मात्र सहीला सोयीची खालची पट्टी स्टुडिओने आपल्या नावासाठी अडवलेली, आणि काळ्या कोटावर काळी शाई दिसत नाही. म्हणून पुष्कळदा सही खांद्याशेजारच्या फिकट जागेत तिरकी चढते, नाहीतर पाठीमागे जाते.

चेहरा डझनांनी मिळू लागला, तेव्हा हाताच्या अक्षराला भाव आला. संगीतकार त्यात आणखी एक भर घालत. टाकाने स्वरलिपीच्या पाच रेषा ओढून आपल्याच रचनेचे दोन-चार स्वर लिहीत आणि खाली सही करत. ही सवय फोटोहून जुनी, स्नेह्यांच्या वह्यांत लिहिण्यातून आलेली. ब्राम्सने तर योहान स्ट्राउसच्या घरच्या एका हातपंख्यावर स्ट्राउसच्याच ‘ब्लू डॅन्यूब’ची सुरुवात लिहिली आणि खाली खंत नोंदवली, की दुर्दैवाने ही रचना ब्राम्सची नाही. अशा दोन ओळींपुढे कोरडी सही फिकीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोटो-पोस्टकार्डं आली आणि जाड पुठ्ठा मागे पडला. छापील सह्याही वाढल्या. तेव्हा विकत घेण्याआधी कार्ड उजेडात तिरकं धरा आणि भिंगातून बघा. टाकाची शाई रेघ वळते तिथे साचते, पृष्ठभागावर वेगळी चमकते. छापील सही फोटोतच मुरलेली असते. आणि सही पांढऱ्या अक्षरांत दिसली, तर ती बहुधा निगेटिव्हवर केलेली असते. तिला अस्सल सहीचे पैसे मोजू नका.