'गरीब' कोण? मुंबईच्या सेंट थॉमस चर्चची धर्मादाय शाळा आणि मराठी शालेय शिक्षणाचा आरंभ

प्रस्तावना

१८२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर पनवेलमार्गे बोरघाट चढून खंडाळ्यास आले व कार्ल्याची लेणी पाहून पुण्यास गेले. पुण्याच्या छावणीतील सेंट मेरी चर्चचा अभिषेक त्यांच्या हस्ते व्हावयाचा होता. मुंबई त्या काळी कलकत्त्याच्या बिशपांच्या अखत्यारीत असल्याने हा दौरा घडला. घाट चढण्यापूर्वी मुंबईच्या मुक्कामात त्यांनी भायखळा येथे एका शाळेच्या इमारतीचा पाया घातला होता. हेबर यांचे प्रवासवर्णन वाचणारा मावळातील वाचक कार्ल्यापाशी थांबतो, ते स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखात मात्र भायखळ्याच्या त्या शाळेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

याचे निमित्त वर्गातील आहे. कुसगाव-लोणावळा परिसरातील विद्यार्थ्यांना १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाट लोहमार्गाची माहिती असते. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमधील लोणावळ्याच्या नोंदीत प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरे आणि रेल्वेची शाळा यांचा उल्लेख येतो. तो वाचून दाखविला की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, ही शाळा कोणासाठी होती?" या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता लोणावळ्याच्या बऱ्याच मागे, मुंबईच्या कोटात जावे लागते.

कॉब यांचे चर्च

इंग्लंडमध्ये पॅरिश हे केवळ उपासनेचे क्षेत्र नव्हते. १६०१ च्या गरीब-कायद्यान्वये आपल्या हद्दीतील निराधारांचा भार उचलणे ही प्रत्येक पॅरिशची कायदेशीर जबाबदारी होती. चर्चवॉर्डन कर गोळा करीत, दानपेटी सांभाळीत, मृत्युपत्रांतून आलेल्या देणग्यांचा हिशेब ठेवीत. साहजिकच 'आपला गरीब' आणि 'परका गरीब' हा भेद या व्यवस्थेच्या मुळाशीच होता. शेजारच्या पॅरिशमधून आलेल्या निराधारास परत पाठविले जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिला धर्मादाय शाळांच्या चळवळीची जोड मिळाली. गरिबांच्या मुलांस वर्गणीतून वस्त्र, अन्न व धर्मशिक्षण द्यावे, असा तिचा हेतू होता.

मुंबईत गरीब-कायदा लागू नव्हता व चॅपलेन हा कंपनीचा पगारी नोकर होता. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांच्या कारकिर्दीत आरंभिलेल्या चर्चच्या भिंती चाळीस वर्षे अर्धवट उभ्या होत्या. १७१४ मध्ये आलेले चॅपलेन रिचर्ड कॉब यांनी वर्गणी जमवून १७१५ मध्ये काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेस खुले केले. आजच्या चर्चगेट या नावाचे मूळ म्हणजे या चर्चकडे उघडणारा कोटाचा दरवाजा होय. या उद्घाटनाचा वृत्तान्त स्वतः कॉब यांनी लिहिला असून तो १७६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. लेखक स्वतःच नायक असल्याने तो सावधपणे वाचावा लागतो. तथापि त्यातील एक तपशील मोलाचा आहे. कंपनीच्या सेवेतील मातब्बर रामा कामत आपल्या ज्ञातिबांधवांसह आले आणि दाराबाहेर उभे राहून उपासना ऐकत राहिले. वाळकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणारे ते हेच. पुढे १७२० मध्ये कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि अखेर तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. ज्या पत्रांच्या आधारे शिक्षा झाली ती बनावट होती, हे नंतर उघड झाले.

चर्चबरोबरच कॉब यांनी एक लहानशी धर्मादाय शाळा काढली. बारा गरीब मुलगे व एक शिक्षक एवढाच तिचा पसारा होता. राहणे, कपडे, जेवण व शिक्षण विनामूल्य असे. मुंबईत दारिद्र्याची वाण नव्हती. परंतु या शाळेच्या लेखी गरीब म्हणजे इंग्रज समाजातील अनाथ वा निराधार मूल होते. पॅरिशची हद्द येथे जमिनीवर आखलेली नव्हती, ती वंशाने ठरत होती.

१८१५ ते १८२२

शंभर वर्षे ही शाळा जेमतेम चालली. १८१५ मध्ये मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने एक संस्था स्थापन झाली आणि जुनी शाळा तिच्याकडे आली. 'मुंबई सरकारच्या हद्दीतील गरिबांच्या शिक्षणास उत्तेजन देणारी मंडळी' असे तिचे लांबलचक नाव होते. व्यवहारात ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. अध्यापनासाठी तिने अँड्र्यू बेल यांची 'मद्रास पद्धती' स्वीकारली. मोठ्या मुलांनी लहानांस शिकवावे, ही ती रीत. बेल यांना ती मद्रासजवळच्या अनाथालयात काम करताना, वाळूवर अक्षरे गिरविणारी देशी मुले पाहून सुचली होती. आपल्या पंतोजींना हे नवे वाटले नसते!

सोसायटीचे मुख्य लक्ष युरोपीय सैनिकांच्या मुलांकडे असले, तरी देशी मुलांसाठीही तिने शाळा काढल्या. १८२० पर्यंत मुंबईत अशा चार शाळांत सुमारे अडीचशे मुले शिकत होती. त्याच वर्षी देशी शाळा व शालोपयोगी पुस्तके यांसाठी स्वतंत्र समिती नेमण्यात आली. पण चर्च ऑफ इंग्लंडची धर्मतत्त्वे शिकविणे हे मूळ संस्थेचे ब्रीद होते, तर सरकारी शिक्षणात धर्मशिक्षण आणण्यास गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा विरोध होता. १८२२ मध्ये समिती वेगळी झाली आणि तिला 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' हे नाव मिळाले. १८२७ मध्ये ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसापनीती' ही पुस्तके आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्या कार्याचा आरंभ याच संस्थेच्या आश्रयाने झाला.

या फुटीकडे धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा विजय म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती चुकीची नाही. परंतु दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. 'गरीब' हा शब्द युरोपीय मुलांच्या संस्थेकडे राहिला. देशी मुलांच्या संस्थेच्या नावातून तो गळाला आणि, माझ्या मते, उद्दिष्टातूनही गळाला. एल्फिन्स्टन यांच्या शिक्षणविषयक टिपणातच याची खूण सापडते. मिशनऱ्यांना हीन मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी वाटतात, हे ते मान्य करतात. मात्र शिक्षणाने प्रथम त्या जातींत मूळ धरले तर ते वर पसरणार नाही, असा इशारा देतात. धर्मादाय शाळेची हद्द वंशाने आखली होती, नव्या शाळांची हद्द जातीने आखली गेली. दरवाजा बदलला, बाहेर उभे राहणारे बदलले. प्रस्तुत लेखकाला रामा कामत यांची आठवण येथे होते, अर्थात वेगळ्या कारणाने: त्यांच्या ज्ञातीच्या मुलांना आता आत जागा होती.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे काम १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले. भायखळ्याची शाळा युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी चालू राहिली. त्याच परंपरेतून १९२५ मध्ये देवळाली येथे आर्चडीकन बार्न्स यांच्या नावाची शाळा उभी राहिली. सेंट थॉमस चर्चला १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यानंतर कॅथीड्रलचा दर्जा मिळाला.

गळालेला तो शब्द मात्र दुसरीकडून परत आला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे दाखवून दिले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्यांच्या मागणीत दानपेटीचा प्रश्नच नव्हता. पैसा रयतेचाच होता.