यादी करणारी माणसं

ओळखीच्या घरातली एक मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकते. उमेदवारीसाठी तिला एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विभागात धाडलं. "चाचा, दिवसभर खोकी उघडायची आणि याद्या करायच्या. यात पुढं काय आहे?" तिनं विचारलं. वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तकं सांभाळणं हा पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे मलाही उशिराच कळलं होतं.

मी तिला एका विद्यार्थ्याचीच गोष्ट सांगितली. जॉन शॉ बिलिंग्ज अमेरिकेतल्या सिनसिनाटीत डॉक्टरकी शिकत होता. १८६० साली पदवी घेताना त्यानं फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहिला. किती रोगी बरे झाले, किती दगावले, एवढंच त्याला हवं होतं. पण ते आकडे असंख्य पुस्तकांत आणि नियतकालिकांत विखुरलेले. कुठं काय आहे ते सांगणारी धड सूची नाही, आणि सगळं एका छताखाली सापडेल असं ग्रंथालय देशात नाही. ही दमछाक तो विसरला नाही.

यादवी युद्धात तो लष्करी डॉक्टर झाला. १८६५ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्जन जनरलच्या कचेरीतलं लहानसं ग्रंथालय त्याच्याकडे आलं. लष्करी रुग्णालयांच्या निधीतले सुमारे ८० हजार डॉलर युद्धानंतर उरले होते, ते या कामी लागले. पुस्तकं वाढली तशी ती फोर्डच्या नाट्यगृहात हलवली. लिंकनवर गोळी झाडली गेली ती हीच इमारत. रात्री घरी बसून बिलिंग्ज नियतकालिकं चाळायचा, नोंदवायच्या लेखांवर पेन्सिलीनं खुणा करायचा, आणि कारकून त्यावरून कार्डं लिहायचे. १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' सुरू झालं, १८८० मध्ये मोठ्या सूचीचा पहिला खंड निघाला. सोबतीला डॉ. रॉबर्ट फ्लेचर होते. त्या कारकुनांची नावं मात्र कोण घेतो? आज डॉक्टर मंडळी संगणकावर 'पबमेड' उघडतात, ते त्या कार्डांचंच नातवंड.

ते ग्रंथालय आता बेथेस्डा इथं 'नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन' या नावानं उभं आहे. तिथला सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे एक अरबी हस्तलिखित: अल-राझीच्या 'किताब अल-हावी'मधला पोटाच्या विकारांचा भाग. राझी इराणमधल्या रय गावचा हकीम. एकेका रोगावर ग्रीकांनी काय म्हटलं, सिरियाकमध्ये काय आहे, हिंदुस्थानी वैद्य काय सांगतात (आपले चरक-सुश्रुतही त्यात आले) हे तो टिपून ठेवायचा आणि खाली स्वतःचा अनुभव लिहायचा. ग्रंथ त्यानं केलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी ते कागद लावले, तेव्हा 'हावी' झाला. म्हणजे इथंही विद्यार्थीच!

बेथेस्डाच्या प्रतीवर नक्कल पुरी झाल्याची तारीख आहे, आपल्या हिशेबानं ३० नोव्हेंबर १०९४. नक्कल करणाऱ्याचं नाव नाही.

"त्याला पगार तरी बरा असेल का?" मुलीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. आपल्याकडे अशा कामाच्या जागा थोड्या आहेत, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अजून दोन खोकी उरलीत. तेवढी तरी पुरी करते."